बोअरच्या पाण्याचा जडपणा: उन्हाळ्यात ईडीटीए टायट्रेशन चुकतं कुठे?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकच्या ड्रिपरवर पांढरी खपली धरली, तूरडाळ शिजेनाशी झाली, की पाण्याची बाटली तपासायला येते. जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यांना धरून ठेवणारं ईडीटीए हे रसायन मोजून सोडत रंग पालटेपर्यंत जाणं, हेच टायट्रेशन. चाचणी सोपी आहे, पण आकडा बहुतेक वेळा टायट्रेशनच्या आधीच बिघडलेला असतो.

पंप 10 मिनिटं चालू ठेवून मगच नमुना घ्या. बाटली काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी तपासा. उन्हात तापलेल्या बाटलीत कॅल्शियम कार्बोनेट काचेला चिकटतं आणि जडपणा खोटा कमी दिसतो. तळाशी गाळ दिसला तर नुसतं वरचं पाणी घेऊ नका, नवा नमुना मागवा.

0.01 मोलर ईडीटीएसाठी डायसोडियम मिठाचे 3.723 ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून 1 लिटर करा. हे द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा, कारण ते काचेतले धातू ओढून घेतं. बफरसाठी (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) 16.9 ग्रॅम अमोनियम क्लोराइड 143 मिली कॉन्सन्ट्रेटेड अमोनियात विरघळवा. 1.179 ग्रॅम डायसोडियम ईडीटीए आणि 0.780 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) 50 मिली पाण्यात विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण 250 मिली करा. मॅग्नेशियम नसेल तर नुसत्या कॅल्शियमच्या पाण्यात रंग नीट पालटत नाही.

खरी गोम या बफरमध्येच आहे. जळगावच्या मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो आणि बूच सैल असेल तर अमोनिया उडून जातो. पीएच 10 च्या खाली घसरला की एंडपॉइंट (रंग पालटण्याचा क्षण) लांबतो, जांभळ्या रंगात लोंबकळतो, आणि दोष विनाकारण इंडिकेटरला, म्हणजे रंग दाखवणाऱ्या पुडीला, मिळतो. 50 मिली नमुन्यात 1 ते 2 मिली बफर घालून पीएच मीटरवर 10.0 ± 0.1 येतं का पाहा. येत नसेल तर बफर फेकून द्या. अमोनियाची बाटली थंड करूनच, धुराड्याखाली (फ्यूम हूड) उघडा, नाहीतर तोंडावर फुत्कार येतो.

इंडिकेटर कोरडाच बरा: 0.5 ग्रॅम एरिओक्रोम ब्लॅक टी, 100 ग्रॅम मिठात खलून. पाण्यातलं त्याचं द्रावण लवकर मरतं.

आता 25 मिली नमुना आणि 25 मिली डिस्टिल्ड पाणी कोनिकल फ्लास्कमध्ये घ्या. बफर घाला, चिमूटभर इंडिकेटर टाका. वाइनसारखा लाल रंग यायला हवा. बफर घातल्यापासून 5 मिनिटांत काम संपवा, नाहीतर कार्बोनेट खाली बसू लागतं. ब्युरेटमधून (खुणा असलेली नळी) ईडीटीए सोडत जा, शेवटचे थेंब 3 ते 5 सेकंदांच्या अंतराने सोडा. लालीची शेवटची छटा जाऊन निव्वळ निळा आला की थांबा. रंग जांभळ्यातच अडकला आणि बफर ठीक असेल, तर लोखंडाचा संशय घ्या. नवा नमुना घेऊन बफरआधी थोडं ट्रायइथॅनॉलअमीन (लोखंडाला बांधून ठेवणारं रसायन) घाला.

समजा वाचन 12.6 मिली, ब्लँक (नमुन्याऐवजी नुसतं डिस्टिल्ड पाणी) 0.1 मिली, म्हणजे फरक 12.5 मिली. 12.5 × 1000 ÷ 25 = 500 मिग्रॅ प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. पिण्यासाठी भारतीय मानक 200 आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं.

बोअरचं गार पाणी आणि टेबलावर तापलेलं ईडीटीए एकत्र वापरू नका. 25 आणि 42 अंशांमध्ये पाणी जवळपास अर्धा टक्का फुगतं. दोन्ही अर्धा तास एकाच खोलीत ठेवा.