मेक्सिकोच्या आठवडी बाजारात या चुका टाळा

वाहाका शहरापासून तीसेक किलोमीटरवर त्लाकोलुला नावाचं गाव आहे. तिथं रोजची मंडई आहेच, पण रविवारी तिच्याभोवतीचे रस्ते ताडपत्र्यांखाली झाकले जातात आणि मोठा बाजार भरतो. या आठवडी बाजाराला तियांगीस म्हणतात. शब्द मूळचा नाहुआत्ल भाषेतला. आजूबाजूच्या गावांचे वारही ठरलेले आहेत: एत्लाचा बुधवार, साआचिलाचा गुरुवार, ओकोत्लानचा शुक्रवार. वार चुकला तर गावात मंडई उघडी सापडते, पण डोंगरातून माल घेऊन येणाऱ्या बायका सापडत नाहीत. म्हणून आधी वार बघा, मग पिशवी उचला.

मराठी माणसाला हा बाजार पहिल्या दिवशीच आपला वाटतो. मिरच्यांचे ढीग, कोथिंबिरीच्या जुड्या, पेरू, चिकू, चिंच, रताळी, राजगिऱ्याच्या वड्यासुद्धा. आपल्या उपासाच्या ताटातलं रताळं, शेंगदाणा, बटाटा, राजगिरा हे सगळं मुळात अमेरिका खंडातूनच आलेलं, त्यामुळे खरं तर आपणच त्यांच्या घरी आलेलो असतो. घोटाळा इथंच होतो. अनोळखी वस्तू घेताना माणूस चार प्रश्न विचारतो. ओळखीची दिसली की थेट पिशवीत टाकतो.

मिरची दिसते तशी नसते

माझी पहिली मोठी चूक म्हणजे चिले दे आग्वा. नावाचा अर्थ ‘पाण्याची मिरची’. पोपटी, लांबट, जाडसर. पाहताक्षणी वाटलं, ही तर आपली भज्यांची मिरची. पाव किलो आणली, पोटात चिंचेचं सारण भरलं, तळली. पाहुण्यांनी एकेक घास घेतला आणि दह्याची वाटी मागितली. ही मिरची चांगलीच तिखट असते. इथले लोक ती आधी विस्तवावर भाजतात, साल काढतात, मग आतल्या बिया आणि पांढऱ्या शिरा खरवडून टाकतात. तिखटपणा मुख्यतः त्या शिरांमध्ये असतो. भजी करायचीच असतील तर एवढं तरी करा, किंवा सरळ पोब्लानो घ्या. ती बरीच सौम्य असते, पण तीही आधी चाखून बघा.

वाळक्या मिरच्यांत गोंधळ आणखी मोठा, कारण इथं वाळली की मिरचीचं नावच बदलतं. पोब्लानो वाळली की आंचो होते, हालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोत्ले. कांदा-लसूण मसाल्यासाठी मी एकदा वाहाकाची पासिया आणली. रंग गडद लाल, सुरकुत्या छान, भावही बरा. घरी भाजायला घेतल्यावर कळलं की ती धुरावर वाळवलेली असते. वर्षभराचा मसाला चुलीजवळ टांगून ठेवल्यासारखा वासाचा झाला. तेव्हापासून माझा हिशेब सोपा आहे: रंगासाठी गुआहियो, तिखटासाठी चिले दे आर्बोल, आणि घेण्याआधी मिरची मोडून नाकाशी धरायची. विकणाऱ्या बाईला त्याचा राग येत नाही.

टोमॅटोचंही तसंच. लाल टोमॅटोला इथं हितोमाते म्हणतात. मिलतोमाते म्हणजे कागदासारख्या सालीतली छोटी, हिरवी, आंबट फळं. देशाच्या उत्तर भागात मात्र नुसतं तोमाते म्हटलं की लाल टोमॅटो समजतात. म्हणून नावावर विसंबू नका, बोट दाखवा.

पानेला मागितलं आणि गूळ आला

मेक्सिकोत पनीरच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे केसो पानेला. तव्यावर परतला तरी वितळत नाही, त्यामुळे पालकाच्या भाजीत चालून जातो. मी ऐटीत ‘पानेला’ मागितलं आणि बाईंनी तपकिरी ढेप पुढे केली. वाहाकात नुसतं पानेला म्हणजे उसाचा गूळ! इतरत्र त्यालाच पिलोन्सियो म्हणतात. चीज हवं तर ‘केसो’ हा शब्द सोडू नका. गूळ चांगला असतो, मी ती ढेप घेतलीच आणि त्या आठवड्यात पालक पनीरऐवजी पुरणपोळ्या झाल्या.

उघड्यावरच्या ताज्या चीजबद्दल मी जरा भित्री आहे. ते कच्च्या दुधाचं असू शकतं आणि त्यातून ब्रुसेलोसिससारखा ताप लागू शकतो. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर पाश्चराइज्ड दुधाचं, वेष्टनातलंच घ्या. आणि कडक शाकाहारी असाल तर चीज लावायला वासराच्या जठरातलं विरजण वापरलेलं असू शकतं, हेही लक्षात असू द्या.

‘मांस नको’ एवढं पुरत नाही

शाकाहारी मंडळींची सगळ्यात जास्त फसगत इथं होते. ‘सिन कार्ने’ म्हटलं की समोरची बाई प्रेमानं मान डोलावते आणि कोंबडी घातलेलं देते, कारण कार्ने म्हणजे बऱ्याच जणांच्या मनात गाय किंवा डुकराचं मांस. कोंबडीची गणती वेगळी.

मांतेका हा शब्द पाठ करून ठेवा. डब्यातला पांढराशुभ्र गोळा लोण्यासारखा किंवा डालड्यासारखा दिसतो, पण ती डुकराची चरबी. लोण्याला मांतेकिया म्हणतात. एका अक्षराच्या फरकावर तुमची पोळी अवलंबून आहे. तामालेस (पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे), घोटलेल्या काळ्या घेवड्याची उसळ, यांत मांतेका सर्रास असते. वाहाकात तर मेमेला नावाच्या जाड मक्याच्या भाकरीवर असिएंतो फासतात, म्हणजे चरबीच्या तळाशी उरलेली तपकिरी खरड. वरून फक्त चीज दिसतं. म्हणून विचारायचं: ‘येवा मांतेका?’, म्हणजे यात मांतेका आहे का? आणि ‘सिन असिएंतो’, म्हणजे असिएंतो नको, असं आधीच सांगायचं.

लालसर मीठ दिसलं तरी थांबा. ते साल दे गुसानो असू शकतं, मेझ्काल ही दारू ज्या घायपातापासून करतात, त्यावरची वाळवलेली अळी त्यात दळलेली असते. टोपल्यातला लाल चुरा मसाल्यासारखा दिसतो, ते चापुलिनेस, म्हणजे भाजलेले नाकतोडे. लिंबू-मिरचीत घोळवलेले. खाणाऱ्यांसाठी उत्तम, पण चटणी समजून चिमूट तोंडात टाकू नका.

पालेभाज्यांत मात्र शाकाहाऱ्याची चंगळ आहे. वेर्दोलागास म्हणजे आपली घोळ, किंतोनिल म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातली पालेभाजी. लसणाची फोडणी देऊन दोन्ही करा.

वाटा, भाव आणि वरचं एक

जमिनीवर बसणाऱ्या बायका किलोवर विकत नाहीत, वाटे लावतात. एक वाटा दहा किंवा वीस पेसो. दोन वाट्यांतले चांगले टोमॅटो वेचून तिसरा वाटा बनवू नका; आपल्याकडेही बाजारात यावरून खडे बोल ऐकावे लागतात. स्टॉलवर कुठं कुठं प्लास्टिकचं टोपलं हातात देतात, म्हणजे तुम्हीच निवडायचं. टोपलं दिलं नाही तर हात लावू नका. आवोकादो तर अजिबात दाबू नका. बाईच विचारते, आजसाठी की उद्यासाठी? ‘पारा ओय’ म्हणा, ती पिकलेलं काढून देते. तिचा अंदाज क्वचित चुकतो.

सुरुवात भावानं करू नका. आधी ‘बुएनोस दियास’ हा नमस्कार, मग ‘आ कोमो?’, म्हणजे काय भाव? विकणारी तुम्हाला मार्चान्ता म्हणेल, तुम्हीही तिला तेच म्हणा. ग्वेरिता, म्हणजे गोरी, असंही म्हणतील. माझ्या रंगाकडे बघून तो शब्द ऐकताना मला अजून हसू येतं, पण ही सगळ्यांनाच मारायची हाक आहे.

घासाघीस? शेतातून टोपली घेऊन आलेल्या म्हातारीशी दहा पेसोंसाठी हुज्जत घालणं मला पटत नाही. नेहमी तिच्याचकडून घ्या आणि हसून ‘इ मी पिलोन?’ म्हणा. पिलोन म्हणजे वरचं एक. आपल्या ‘वर दोन मिरच्या टाका ना’चं सख्खं भावंड.

भावाच्या पाटीवर डॉलरचं चिन्ह दिसलं तर दचकू नका, पेसोचंही चिन्ह तेच. पाटीवर मोठा आकडा आणि कोपऱ्यात बारीक ½ असेल तर तो अर्ध्या किलोचा भाव. ऐकताना सेसेंता म्हणजे साठ आणि सेतेंता म्हणजे सत्तर यांत गल्लत होते, तेव्हा बोटांनी विचारून घ्या. नोटांचंही सांभाळा. २०१८ पासून चलनात आलेली ५०० पेसोची नोट निळी, तिच्यावर माजी राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस. वीसची जुनी नोटही निळी, तिच्यावरही हुआरेसच. हुआरेस वाहाकाचाच, इथल्या झापोतेक या मूळ रहिवासी समाजातला, त्यामुळे इथं त्याचं कौतुक जास्त, पण घाईत २० म्हणून ५०० दिले तर महागात पडतं. तसंही पाचशेचे सुटे सकाळी कुणाकडे नसतात. सुटे घरूनच न्या.

घरी आल्यावर

कच्ची खायची पालेभाजी आणि स्ट्रॉबेरी नुसती धुऊन भागत नाही. किराणा दुकानात भाज्या निर्जंतुक करायचे थेंब मिळतात. बाटलीवर लिहिलं असेल तितके आणि तितका वेळ. मक्याचं ओलं पीठ (इथं त्याला ‘मासा’ म्हणतात) सकाळी आणलं तर संध्याकाळपर्यंत संपवा, नाहीतर आंबूस होतं.

काळा घेवडा तासन् तास शिजवूनही कडकच राहिला तर दोन कारणं असू शकतात. एक, तो गेल्या वर्षीचा असतो, म्हणून घेतानाच ‘नुएवो?’ विचारा. दुसरं, हे खोरं समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, महाबळेश्वरापेक्षाही वर. पाणी कमी तापमानालाच उकळतं. रात्रभर भिजवा, कुकर लावा आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त होऊ द्या.