टेडीच्या मशीनमधला पंजा: खेळण्याआधी काय पाहावे आणि कसे खेळावे

इंदूरमध्ये छप्पन दुकानवर खाणे झाले की मुलांना मॉलमधल्या गेम झोनमध्ये न्यायचे, हा आमच्या घरचा रविवारचा ठरलेला क्रम आहे. आणि तिथे मुले सर्वांत आधी धावतात ती काचेच्या पेटीतल्या टेडींकडे. या क्लॉ मशीनमध्ये, म्हणजे पंजाने खेळणे उचलून बाहेर काढायच्या मशीनमध्ये, पैसे घालण्यापूर्वी ते आतून कसे चालते हे प्रत्येक पालकाने समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

पेटीच्या छताला एकमेकांशी काटकोनात असलेले रूळ असतात. जॉयस्टिक हलवली की मोटारी पंजाला त्यांवरून पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे नेतात, आणि बटण दाबले की दोरी सैल होऊन पंजा खाली उतरतो. पंजाच्या वरच्या भागात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते व त्यातून एक लोखंडी दांडा सरकतो. वेटोळ्यात वीज सोडली की ते चुंबक बनते, दांडा आत ओढला जातो आणि त्याला जोडलेली बोटे मिटतात. म्हणजेच पकड किती घट्ट, हे वेटोळ्याला मिळणाऱ्या विजेवर अवलंबून असते, आणि ती किती द्यायची हे मशीनचा मालक ठरवतो. अनेक मशीनमध्ये उचलताना पूर्ण जोर द्यायचा आणि पंजा वर पोहोचताच तो कमी करायचा, अशीही सोय असते.

काहींमध्ये तर किती डावांमागे एकदा घट्ट पकड मिळावी, हेही ठरवता येते. उदाहरणादाखल समजा, खेळणे मालकाला 120 रुपयांना पडते, एक डाव 40 रुपयांचा आहे आणि खेळण्याची किंमत गल्ल्याच्या एक तृतीयांशाहून अधिक होऊ नये असा त्याचा हिशेब आहे. तर सरासरी नऊ डावांमागे एकच टेडी बाहेर पडायला हवा. अमेरिकेत अशी यंत्रे 1951 च्या कायद्यानंतर जुगाराच्या साधनांत गणली गेली.

म्हणून पहिली पायरी म्हणजे न खेळता दहा मिनिटे उभे राहून पाहणे. पंजा प्रत्येकाच्या वेळी त्याच उंचीवर ढिला पडत असेल, तर चूक खेळणाऱ्याच्या हाताची नाही.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: रक्कम आधी ठरवावी आणि तेवढीच गेम झोनच्या कार्डात भरावी. मागच्या महिन्यात माझा भाचा खेळत असताना मशीनच्या पंजाचे एक बोट तपकिरी अस्वलाच्या गळ्यातल्या फितीत अडकले. अस्वल उचलले गेले, झुलले आणि बक्षिसाच्या कप्प्याच्या काठावर आपटून पुन्हा ढिगात पडले. "मामा, आता तर आलंच होतं!" असे तो म्हणाला आणि मी लागोपाठ तीनदा कार्ड रिचार्ज केले. थोडक्यात हुकलेला डाव मनाला हरल्यासारखा नव्हे, तर जिंकत आल्यासारखा वाटतो. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की माणूस अधिक चिकाटीने खेळत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतूनही दिसले होते. शिवाय काचेपलीकडची वस्तू डोळ्यांसमोर असते आणि जॉयस्टिक आपल्याच हातात असते, त्यामुळे सारे आपल्यावर अवलंबून आहे असे वाटू लागते. लहान मुलांना तर ते खरेच वाटते.

तिसरी पायरी खेळणे निवडण्याची, आणि कौशल्याला वाव आहे तो इथेच. कप्प्याजवळचे, ढिगाच्या वर सुटे पडलेले आणि पंजाच्या पकडीत मावेल एवढेच खेळणे निवडावे. शेजाऱ्यांत घट्ट दाबून बसलेले कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे. समोरून खोलीचा अंदाज येत नाही, म्हणून एकाने बाजूच्या काचेतून पाहून सांगावे. पंजा खेळण्याच्या मधोमध येऊ द्यावा, त्याचे झुलणे थांबले की मगच बटण दाबावे. मात्र वेळ संपली की पंजा आपोआप खाली जातो, हेही ध्यानात ठेवावे.

खेळणे कप्प्याच्या तोंडाशीच अडकले, तर मशीनला धक्के देऊ नयेत किंवा आत हात घालू नये. किल्ली तिथल्या कर्मचाऱ्याकडे असते. पुढचा डाव सुरू करण्यापूर्वी त्याला बोलावून अडकलेले खेळणे दाखवावे.