जंगलात न्यायच्या आखूड रिव्हॉल्व्हरची एक चाचणी

अस्वलांच्या मुलखात कमरेला लावायला आखूड नळीचं पॉइंट ४४ मॅग्नम (या जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्व्हर) घेताना हात हलक्या मॉडेलकडेच जातो. पण बंदूक जितकी हलकी, तितका धक्का जोरदार. त्या धक्क्याने न उडालेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकते, सिलिंडरबाहेर (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाबाहेर) डोकावते आणि सिलिंडर अडकतो. ऐन वेळी!

म्हणून पसंत पडलेलं रिव्हॉल्व्हर आधी रेंजवर असं तपासा:

१. जी काडतुसं जंगलात नेणार, तीच घ्या. एकाची लांबी कॅलिपरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) मोजून त्यावर खूण करा.
२. सिलिंडरची सगळी घरं भरा. खुणेचं काडतूस सर्वांत शेवटी यावं.
३. बाकीची उडवा, खुणेचं काढून पुन्हा मोजा.

लांबी वाढली तर काडतुसं बदलून बघा; तरीही वाढत असेल तर जड, पोलादी फ्रेमचं घ्या. किंवा त्याच हलक्या बंदुकीत पॉइंट ४४ स्पेशल ही सौम्य काडतुसं वापरा. जोर कमी, पण धक्काही बराच सौम्य. (उलटं चालत नाही: स्पेशलच्या बंदुकीत मॅग्नम कधीच नाही.)

चाचणीत सिलिंडर अडकलाच, तर आत जिवंत काडतूस आहे. नळी निशाण्याकडेच ठेवा, ठोकाठोकी नको. लांबलेलं काडतूस परत भरू नका.