मुंबईत रोज चालणाऱ्या थारला मोठे ऑल-टेरेन टायर कसे निवडावेत

टायरच्या दुकानाची पायरी चढण्याआधी महिनाभर मी गाडीत एक छोटी वही ठेवली होती. रात्री गाडी लावली की लिहायचं: आज किती किलोमीटर, कुठल्या रस्त्यावर. कांदिवली ते अंधेरी आणि परत, मध्येच दादरला आईकडे, एकदा कोस्टल रोडने नरिमन पॉइंट. महिनाअखेरीस बेरीज झाली 870 किलोमीटर. त्यात माती शून्य. कच्चा रस्ता माझ्या थारच्या वाट्याला येतो तो गणपतीला आणि शिमग्याला, लांज्याच्या पुढे आमच्या घराकडे जाणारी शेवटची दीड किलोमीटरची जांभ्याची चढण. गणपतीत त्या जांभ्यावर शेवाळ धरलेलं असतं आणि झिजलेल्या टायरची चाकं जागच्या जागी फिरतात.

तुम्हीही अशी वही ठेवा. शंभरातले अठ्ठ्याण्णव किलोमीटर डांबर आणि काँक्रीटवर जात असतील, तर टायर त्या अठ्ठ्याण्णवांसाठी घ्यायचा आणि उरलेल्या दोनांना तो पुरेल ना एवढं बघायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. गाडी उभी असताना कशी दिसेल यावरून टायर ठरतो, आणि जुलैत ब्रेक मारायची वेळ आली की पंचाईत होते.

ती पंचाईत मी शेजारच्या सीटवर बसून पाहिली आहे. मैत्रिणीच्या गाडीला मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठी बनवलेले टायर होते, मोठाल्या रबरी गोट्यांचे. गोरेगावजवळ भर पावसात एक रिक्षा आडवी आली. तिने ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) थरथरायला लागलं, आणि गाडी मात्र सरकतच राहिली. थांबली तेव्हा रिक्षाच्या मागच्या पत्र्यावरचा नंबर मला बॉनेटच्या कडेला चिकटल्यासारखा दिसत होता. वेग जेमतेम पन्नास असेल. मड-टेरेनच्या गोट्यांमध्ये जागा जास्त, म्हणून रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि त्या गोट्यांवर बारीक चिरा जवळजवळ नसतात. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर कापायचं काम या चिराच करतात.

म्हणून ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर निवडतानाही सगळ्यात आधी नक्षी बघा. मधल्या पट्ट्यातले ठोकळे एकमेकांच्या जवळ हवेत, प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा हव्यात, आणि त्या चिरा खोलवर गेलेल्या हव्यात. काही टायरच्या चिरा वरवरच्या असतात, अर्धा टायर झिजला की नाहीशा होतात. दुकानात नखाने किंवा पोस्टकार्डाच्या कोपऱ्याने खोली चाचपून पाहता येते, मी तेच केलं. खांद्याकडचे, म्हणजे टायरच्या कडेचे ठोकळे थोडे उघडे असले तरी चालतील, चिखलात तेच कामाला येतात.

आता माप. माझ्या थारला कंपनीचे टायर 255/65 आर 18 होते. यातला 255 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 65 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि 18 म्हणजे रिमचे इंच. हिशेब घरीच करा: 255 चे 65 टक्के 165.75, त्याची दुप्पट 331.5, त्यात रिमचे 457.2 मिळवले की चाकाची पूर्ण उंची साधारण 789 मिलिमीटर. त्याच रिमवर 255/70 घातला तर ती 814 होते, म्हणजे सुमारे 25 मिलिमीटर वाढ. पण गाडी 25 ने उंच होत नाही, कारण निम्मी वाढ आसाच्या वर जाते. गाडीखालची जागा वाढते ती फक्त साडेबारा मिलिमीटर, एका बोटाच्या जाडीएवढी. मिलन सबवेत किंवा हिंदमात्याला पाणी तुंबलं असेल तर या बोटभर उंचीच्या भरवशावर आत शिरू नका.

रुंदी वाढवू नका, असं मी ठामपणे सांगेन. तेवढंच वजन जास्त रुंद पट्ट्यावर पसरलं की टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि आपल्याकडे चार महिने रस्त्यावर पाणी असतं. वाढवायचंच असेल तर उंची वाढवा, तीही तीन टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे गेलं की चाक घासायला लागतं, मग गाडी उचलायला लिफ्ट किट, मग चाक बाहेर सरकवायला स्पेसर, आणि बेअरिंगवरचा ताण वाढत जातो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला हे कशाला? मी 255/70 घेतले, चाकाची उंची 3.2 टक्के वाढली, त्यामुळे स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा चाकं पूर्वीच्या 82.6 इतकी पळत असतात. अटल सेतूवर 100 ची मर्यादा आहे, म्हणून फोनच्या जीपीएसवर एकदा पडताळून घ्या. किलोमीटरचा काटाही तेवढाच कमी मोजतो. टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणून हळहळण्याआधी आलेल्या आकड्याला 1.03 ने गुणा. माझं ॲव्हरेज गुणूनही थोडं पडलंच, कारण नवा टायर वजनाला जड आहे आणि सिग्नलगणिक ते वजन नव्याने फिरवावं लागतं.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्याचा फोटो काढून दुकानात न्या. टायरवर मापाच्या पुढे भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर असतं. भाराचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी असता कामा नये. मापाआधी ‘एलटी’ लिहिलेलं असेल तर तो हलक्या ट्रकच्या धाटणीचा टायर असतो: भिंत जाड, दगडाने सहसा फाटत नाही, पण तेवढाच भार पेलायला त्याला हवा जास्त लागते आणि पेव्हर ब्लॉकवर तो कंबर मोडतो. दीड किलोमीटर जांभ्यासाठी मी तो घेतला नाही. दर महिन्याला राजमाचीच्या वाटेवर जाणाऱ्याने जरूर घ्यावा. आयएसआयचा शिक्का बघा आणि बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. 1425 म्हणजे 2025 सालचा चौदावा आठवडा. दुकानात दीड-दोन वर्षं पडून राहिलेला टायर स्वस्तात दिला तरी नको.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलात तर ‘चारच घ्या, स्टेपनी जुनी चालेल’ असं हमखास ऐकाल. मलाही सांगितलं होतं. फोर-व्हील लावून चालवायच्या गाडीत चारही चाकं एका उंचीची लागतात, नाहीतर इंजिनाची ताकद चाकांना वाटणाऱ्या ट्रान्सफर केस आणि डिफरेन्शियलमध्ये ओढाताण होते. कशेडीच्या आसपास पंक्चर झालं आणि 25 मिलिमीटर बुटकी स्टेपनी लावली, तर पुढची जांभ्याची चढण फोर-व्हीलशिवाय चढायची. पाचच घ्या. मात्र मागच्या दारावर नवी स्टेपनी टांगल्यावर बिजागरीतून आवाज येतो का, दार खाली बसतं का, ते पाहून घ्या.

पाचही टायर चढवायच्या आधी पुढचं एकच चाक बसवून घ्या. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. टायरवाल्यांकडे खुणा करायचा पिवळा खडू असतो, त्याची भुकटी चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकवर आणि मडफ्लॅपच्या आतल्या बाजूवर चोळा. गाडी जमिनीवर टेकवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापा, हळू पुढे जा, मग तसंच रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा रिव्हर्समध्येच घासतं. उजवीकडेही तसंच. नंतर तेच चाक फुटपाथच्या कडेवर चढवून स्प्रिंग दाबली जाऊ द्या आणि पुन्हा कापा. खडू कुठे पुसला गेला ते टॉर्चने बघा. माझ्या गाडीत मडफ्लॅपच्या खालच्या कोपऱ्यावर रुपयाएवढी जागा पुसली होती, फ्लॅप थोडा मागे बांधल्यावर प्रश्न मिटला. सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची सोय) असेल तर ट्रेची रुंदी आणि वरच्या मजल्याची उंचीही त्याच दिवशी टेपने मोजा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत मूळ तपशिलाबाहेरचे बदल परस्पर करता येत नाहीत. म्हणून माप ठरवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा आणि विमा कंपनीला ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवा. तोंडी ‘चालतं हो’ला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

खरेदी एप्रिल-मेमध्ये करा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या लेपाचा अंश असतो, पहिले काहीशे किलोमीटर पकड कच्ची असते. ती कोरड्या रस्त्यावर जाऊ द्या, जूनपर्यंत टायर तयार होतो. हवेसाठी स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि खडूने टायरच्या पूर्ण रुंदीवर एक आडवी रेघ ओढा. कोरड्या, सरळ रस्त्यावर शंभरेक मीटर जाऊन उतरा. रेघ फक्त मध्ये पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. रविवारी सकाळी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर मी तीन फेऱ्यांत माझा आकडा पक्का केला आणि वहीत लिहून ठेवला.

अलाइनमेंट टायर चढवाल त्याच दिवशी, चाकांचे नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून, आणि दर आठ हजारांना स्टेपनीसकट पाचही चाकांची अदलाबदल. कायद्याने नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, पण मुंबईच्या पावसात 3 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी पुढच्या जूनमध्ये नेणार नाही.