करंगळीने कोमट ओळखायचंय? आधी करंगळीला शिकवा

विरजण लावताना आपण करंगळी दुधात बुडवतो आणि म्हणतो, झालं कोमट. मीपण तेच करायचो आणि थंडीत दह्याच्या नावाखाली काहीतरी पाणचट खायचो. नंतर कळलं, भांडी घासून बोट गारठलेलं असायचं, त्यामुळे कोमट दूधसुद्धा कढत वाटायचं, मग मी अजून थांबायचो आणि दूध पार निवायचं.

पटत नसेल तर तीन वाडगे घ्या, एकात फ्रिजचं पाणी, एकात हाताला सहज सोसेल इतकं गरम, मधल्यात नळाचं. एक हात गारात, दुसरा गरमात, मिनिटभर ठेवा आणि मग दोन्ही एकदम मधल्यात. एकच पाणी एका हाताला गरम, दुसऱ्याला गार! इंग्लंडच्या जॉन लॉक या तत्त्वज्ञाने हे सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय. कारण मेंदूला नेमकी डिग्री कळत नाही, त्वचा आत्ता जशी आहे (साधारण ३२-३४ डिग्री) त्यापेक्षा किती आणि किती पटकन बदललं हेच मुख्यतः कळतं. स्टीलचं ताट लाकडी पोळपाटापेक्षा गार लागतं तेही असंच, दोन्ही एकाच खोलीत असतात पण स्टील हातातली ऊब भराभर ओढून घेतं.

आता प्रॅक्टिस. किचन थर्मामीटर आणा. हात धुऊन कोरडा करा आणि दोनेक मिनिटं कशालाच लावू नका. मग थोडं दूध वाटीत काढून त्यात बोट बुडवा, आकडा मोठ्याने बोला, आणि त्यानंतरच थर्मामीटर बघा, आधी बघितलात तर शिकणं शून्य, कारण मेंदू आपली चूक बघूनच सुधारतो. दह्याला मी ४० ते ४३ डिग्री धरतो. सुरुवातीला माझे अंदाज सहा-सात डिग्रीने चुकायचे, आता दोन-तीनने चुकतात.

आणि हो, मिरच्या चिरलेल्या हाताने अजिबात नको. त्वचेतला जो सेन्सर साधारण ४३ डिग्रीच्या वर 'भाजतंय' म्हणून ओरडतो तोच मिरचीच्या तिखटानेही चालू होतो, डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टीमने १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियसना आर्डेम पॅटापूशियन या दुसऱ्या शास्त्रज्ञासोबत मिळालं. ठेचा करून झाल्यावर साधं कोमट पाणीपण भाजतं ना, ते हेच.

बाळाच्या अंघोळीला मात्र अंदाज नकोच, तिथे सरळ थर्मामीटर.