गिल्बर्ट हिल किती जुनी? भूगर्भातलं वय सांगताना या चुका टाळा

रविवारी सकाळी अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल या टेकडीवरच्या गावदेवीच्या पायऱ्यांपाशी आमची मंडळी जमते. वर चढायच्या आधीच कुणीतरी मोबाइलमधून मोठ्याने वाचतं, "पासष्ट कोटी वर्षं जुना खडक!" लगेच दुसरा त्याला दुरुस्त करतो, "पासष्ट नाही हो, साडेसहा कोटी. डायनासोरच्या काळातला." एकाच टेकडीची ही दोन वयं, आणि दोन्ही चुकीची. पहिली चूक गणिताची आहे, तर दुसरी जरा खोलातली.

गणिताची चूक आधी उरकून घेऊ, कारण मराठी मजकुरात तीच सर्वांत जास्त दिसते. मिलियन म्हणजे दहा लाख. त्यामुळे मिलियनमधल्या आकड्याला दहाने भागलं की कोटी मिळतात: ६६ मिलियन म्हणजे ६.६ कोटी. बिलियन म्हणजे एक अब्ज, म्हणजेच शंभर कोटी. पृथ्वीचं वय ४.५४ बिलियन, म्हणजे ४५४ कोटी वर्षं. भाषांतराच्या घाईत मिलियनच्या जागी थेट कोटी बसतो आणि वय दहापट वाढतं. अशा वेळी एक ताळा करून पाहावा. सर्वांत जुने डायनासोर सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पासष्ट कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर झाडंही नव्हती, मग डायनासोर कुठून येणार?

याच रांगेत 'कल्प' हा शब्द येतो. पुराणांतला कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. भूविज्ञानाच्या मराठी पुस्तकांतला जुरासिक कल्प जेमतेम पाच-सहा कोटींचा. शब्द तोच असला तरी मापं वेगळी आहेत. दोन्ही एकत्र कालवून केलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे महिन्याला दोन तरी येतात. तसंच 'उत्तर क्रिटेशस'चं. क्रिटेशस हा जुरासिकनंतरचा कल्प. इथला 'उत्तर' दिशेचा नाही, उत्तररात्रीतला आहे. एका मुलाने प्रकल्पात नकाशावर वरच्या बाजूला बाण काढून ठेवला होता.

आता साडेसहा कोटींकडे वळू. हा आकडा हवेतून आलेला नाही. दख्खनच्या लाव्हाचा मोठा भाग ६.६ कोटी वर्षांच्या आसपास बाहेर पडला आणि डायनासोरही त्याच सुमारास संपले. मग 'दख्खनचा काळा दगड' दिसला की सगळीकडे तोच आकडा चिकटवायची सवय लागली. पण गिल्बर्ट हिलच्या बेसॉल्टचं, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या या काळ्या दगडाचं, आर्गॉन पद्धतीने (ती पुढे सांगतो) मोजलेलं वय २००१ साली प्रसिद्ध झालं. ते निघालं सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षं, त्यात बारा लाख इकडे किंवा तिकडे. मनोरीच्या ट्रॅकाइटचं, म्हणजे तिथल्या फिकट ज्वालामुखी खडकाचं वयही त्याच्याच जवळपास आलं. म्हणजे घाटातला मोठा उद्रेक ओसरल्यावर काही दशलक्ष वर्षांनी मुंबईच्या पट्ट्यात पुन्हा लाव्हा आला. गिल्बर्ट हिलचे ते उभे षटकोनी खांब थंड होत होते तेव्हा पक्षी सोडले तर डायनासोर उरले नव्हते. लोक हे ऐकून थोडे हिरमुसतात. मला मात्र यातच जास्त गंमत वाटते.

इथेच उंचीचीही गफलत होते. महाबळेश्वर तेराशे-चौदाशे मीटर उंचावर आणि मुंबई समुद्रसपाटीला, म्हणून मुंबईचा खडक खालचा आणि जुना असणार, असं सरळ वाटतं. थर अबाधित आडवे असतील तरच खालचा जुना आणि वरचा नवा हा नियम तसा वापरता येतो. हा नियम डॅनिश शास्त्रज्ञ स्टेनोने १६६९ साली मांडला, आणि थर मुळात आडवे साचतात ही अट त्यानेच घातली होती. मुंबईचे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. म्हणून पूर्वेच्या ट्रॉम्बेकडून पश्चिमेच्या वरळीकडे जाताना आपण नव्या खडकाकडे जातो, वाटेत चढ लागो की उतार. आधी थराचा कल बघावा आणि मगच वरचा-खालचा ठरवावा.

वरळीचं नाव निघालंच आहे तर तिथले बेडूक सांगायलाच हवेत. लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात तिथे चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. इंग्लिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, आज ते इंडोबॅट्राकस या नावाने ओळखले जातात. कासवाचे अवशेषही तिथलेच. "या बेडकाचं वय कसं मोजलं?" असा प्रश्न नेहमी येतो. खरं तर बेडकाचं वय कुणी मोजलेलंच नाही. इतक्या जुन्या जीवाश्माचं वय सहसा थेट मोजत नाहीत. खालच्या आणि वरच्या लाव्हाचं वय काढतात, जीव त्या दोन आकड्यांच्या मधला. पण वरचा काळा थर खरंच नंतर वाहत आला, की दोन थरांच्या मध्ये मागाहून घुसला, हे तपासावं लागतं. घुसलेला असेल तर त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही खडक भाजल्यासारखे दिसतात. वाहत आलेल्या लाव्हाने फक्त खालचा भाजतो. घुसलेल्या थराचं वय काढलं तर गाळ त्याहून जुना, एवढंच सांगता येतं. तो किती जुना, हे सांगता येत नाही.

कार्बन डेटिंगबद्दल थोडक्यात. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याइतका तो उरतच नाही, आणि मुळात तो एके काळी जिवंत असलेल्या वस्तूतच मोजतात. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलात खैराच्या झाडांचे बुंधे सापडले होते. तशा लाकडाला ही पद्धत चालेल, बेसॉल्टला नाही.

बेसॉल्टसाठी त्यातलं किरणोत्सारी पोटॅशियम-४० वापरतात. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं आहे आणि क्षय होताना त्याचा काही भाग आर्गॉन वायूत बदलतो. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा वायू निसटून जातो. तो गोठला की आर्गॉन आत साठू लागतो. घड्याळ शून्यावरून सुरू होतं ते असं. आता मुंबईचा पावसाळा आठवा. वरचा दगड भुसभुशीत, तपकिरी झालेला असतो आणि त्यातला आर्गॉन गळून गेलेला असतो. अशा नमुन्याचं वय खऱ्यापेक्षा कमी येतं. उलट आधीचा आर्गॉन आत अडकून राहिला असेल तर वय जास्त येतं. म्हणून आतला, हातोडीने खणखणणारा ताजा खडक घेतात, तो टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याचं वय वेगळं काढतात. लागोपाठचे बरेच टप्पे जुळले तर आकड्यावर भरवसा ठेवायचा. टप्पे वर-खाली नाचत असतील तर त्यांची सरासरी काढून छापू नये.

"डायनासोर संपल्याचं आमच्या पुस्तकात ६.५ कोटी होतं, आता ६.६ म्हणतात, मग शास्त्रज्ञांचं खरं कधी मानायचं?" ही तक्रार मुलांपेक्षा पालकच जास्त करतात. लोकलचं उदाहरण घ्या. परळनंतर दादर हा क्रम पाठ आहे म्हणून गाडी किती वाजता येते ते कळत नाही, आणि वेळापत्रक बदललं म्हणून दादर जागचं हलत नाही. कल्पांचा क्रम एकोणिसाव्या शतकात जीवाश्म बघून लागला. जुरा पर्वतावरून जुरासिक, डेव्हनवरून डेव्होनियन, पर्मवरून पर्मियन. तेव्हा वर्षं मोजायचं साधन कुणाकडेच नव्हतं. आकडे विसाव्या शतकात आले आणि यंत्रं सुधारतील तसे ते थोडे सरकतात. क्रिटेशसच्या शेवटाची सीमा ६.५ वरून ६.६ कोटींवर आली ती मोजमापाची प्रमाणं नव्याने तपासल्यामुळे. खडकातली सीमा आहे तिथेच आहे. ती ट्युनिशियातल्या एल केफच्या थरात ठरवलेली आहे.

नावं मात्र खरोखर बदलतात, एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं तशी. जुन्या पुस्तकांतला क्रिटेशसनंतरचा टर्शियरी आता अधिकृत तक्त्यात नाही. त्याच्या जागी पॅलिओजीन आणि निओजीन आहेत. आणि २०१८ पासून अधिकृत तक्त्यानुसार आपण मेघालयन काळात आहोत. हा सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झाला असून मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या खांबावरून तो ठरला आहे. 'अँथ्रोपोसीन', म्हणजे माणसाच्या प्रभावाचा काळ, हा शब्द भाषणात खुशाल वापरा, पण तक्ता काढत असाल तर तिथे लिहू नका. तो प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये फेटाळला गेला.