सुपरचार्जर घ्यायचाय? आधी आरपीएमचा काटा बघा

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर फिरून त्यात जास्त हवा कोंबणारा पंप, त्यालाच ब्लोअरही म्हणतात. सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात की कुठला सुपरचार्जर जास्त हॉर्सपॉवर देतो, आणि गडबड तिथेच सुरू होते. एकाच व्ही८ वर (व्ही आकारात बसवलेले आठ सिलेंडर) रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्यूगल हे तिन्ही प्रकार ६००च्या वर आकडा दाखवतात, पण चालवायला बसलं की तीन वेगळ्या गाड्या वाटतात. म्हणून किट शोधायच्या आधी आठवडाभर फक्त एवढंच करा, रोजच्या चालवण्यात आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा कुठे असतो ते बघा. मी इथे मिशिगनमध्ये माझ्या २०१५ च्या मस्टँग जीटीवर (५ लिटर, कंपनीतून ४३५ हॉर्सपॉवर) हे केलं तेव्हा कळलं की माझा सगळा वेळ २००० ते ३५०० मध्येच जातो, ६००० च्या वर महिन्यातून एखाद्या वेळी.

आता प्रकार.

रूट्स सगळ्यात जुना. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलं, तेव्हा गाड्याच नव्हत्या, भट्टीत हवा फुंकायला वापरायचे. दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा पुढे ढकलतात, आत दाबत नाहीत, हवा दबते ती पुढे मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) गेल्यावर, आणि त्या ढकलाढकलीत ती चांगलीच तापते. पण फायदा बघा, पाय टाकला की लगेच पिकअप, अगदी २००० आरपीएमपासून. ईटनच्या टीव्हीएस डिझाइनमध्ये चार पाकळ्यांचे पिळलेले रोटर आले आणि उष्णतेचा त्रास बराच कमी झाला, २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ वर हाच २.३ लिटरचा होता, ६३८ हॉर्सपॉवर.

ट्विन-स्क्रू दिसायला तसाच, तोही इंजिनच्या डोक्यावर बसतो, पण यातले स्क्रू हवा आतच दाबत पुढे नेतात म्हणून तेवढ्याच बूस्टला (हवेच्या जादा दाबाला) हवा कमी तापते. २०१५ ची डॉज हेलकॅट याचं नावाजलेलं उदाहरण, ६.२ लिटर इंजिन, २.४ लिटरचा ब्लोअर, ७०७ हॉर्सपॉवर. मात्र बायपास (बूस्ट नको असताना हवा परत फिरवणारी झडप) उघडा असला तरी आत थोडं दाबणं चालूच राहतं, त्यामुळे निवांत चालवतानाही थोडी ताकद खातो. आणि किंमत जास्त.

सेंट्रिफ्यूगल वेगळ्याच जातीचा. हा पुढे अल्टरनेटरसारखा बेल्टवर लटकतो आणि आत टर्बोसारखं इम्पेलर (पात्यांचं चाक) गिअरने प्रचंड वेगात फिरतं. भारतात शोरूममधून निघालेलं उदाहरण हवं असेल तर कावासाकी निन्जा एच२, ९९८ सीसी, तिचं इम्पेलर बेल्टशिवाय, थेट गिअरने, इंजिनच्या क्रँकच्या साधारण ९ पट वेगाने फिरतं. इथे एक हिशोब पाठच करून ठेवा: बूस्ट आरपीएमच्या साधारण वर्गाने वाढतो. म्हणजे ७००० ला १० पीएसआय (दाबाचं माप) देणारी पुली ३५०० ला जेमतेम अडीच देते! खाली गाडी जवळपास पहिल्यासारखीच आणि ५००० नंतर जी ओढते ती लाल रेषेपर्यंत ओढतच राहते. ज्याला ट्रॅकवर न्यायचीय त्याला हे सोनं आहे, शिवाय दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर पुढे बंपरमागे वाऱ्यात असतो म्हणून हवा थंड राहते.

उष्णतेचं का एवढं सांगतोय तर मी ते डोळ्यांनी बघितलंय. ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला (हौशी गाड्यांची मोठी मिरवणूक) गाड्या एकमेकींना चिकटून मुंगीच्या पावलांनी सरकतात, मी मित्राच्या रूट्सवाल्या गाडीत शेजारी बसलो होतो, इनटेक हवेचं तापमान ४५ डिग्रीवरून चढत चढत ७० च्या वर गेलं आणि मग रस्ता मोकळा झाल्यावर त्याने पाय टाकला तर कॉम्प्युटरने ठिणगीचं टायमिंग मागे ओढलं, गाडी अक्षरशः जड झाली. पाच मिनिटं वारा मिळाल्यावर परत जागेवर. ब्लोअर इंजिनच्या व्ही मध्ये बसला की खालून इंजिनची धग लागतेच, त्यामुळे पाण्याच्या इंटरकूलरचा पंप आणि पुढचा रेडिएटर यात पैसे वाचवू नका.

ठरलं की मग कामाचा क्रम. आधी कम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलेंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती गळतो ते), थकलेल्या इंजिनवर बूस्ट टाकायचाच नाही. मग इंजेक्टर आणि फ्युएल पंप पुरतात का ते ट्यूनरला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग, म्हणजे ट्यून, करणाऱ्याला) लिहून विचारा. स्पार्क प्लगचा गॅप कमी करावा लागतो, नाहीतर बूस्टमध्ये ठिणगी विझते. पुलीचं गणित सोपं आहे, क्रँकची ७ इंच आणि ब्लोअरची साडेतीन असेल तर ब्लोअर दुप्पट फिरणार, ६५०० ला १३०००, हा आकडा ब्लोअरच्या मर्यादेत आहे ना बघा. पुली लहान केली की बूस्ट वाढतो पण बेल्टला पकडही कमी मिळते.

माझ्याकडे हेच झालं. मी सेंट्रिफ्यूगल घेतला होता (हो, ३५०० च्या खाली चालवणाऱ्याने, तेव्हा आकडाच बघितला होता), आणि ज्या गॅरेजने बसवला त्यांनी विचारल्याशिवाय लहान पुली टाकली. वर ६००० ला बूस्ट वाढायच्या ऐवजी पडायला लागला, बॉनेट उघडलं तर बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या आसपास काळी रबराची भुकटी साचलेली. ती भुकटी दिसली की बेल्ट घसरतोय, ट्यूनला हात लावू नका, आधी पुलीची सरळ रेष आणि टेन्शन तपासा. मी मूळ पुली परत लावली, नवीन बेल्ट, आणि लॉगमध्ये (कॉम्प्युटरच्या नोंदीत) बूस्टची रेघ शेवटपर्यंत सरळ वर गेली. पुढच्या हिवाळ्यात तो काढून ट्विन-स्क्रू बसवतोय.